संगणक विभागाचा, पण निर्णय कुणाचा? : संस्थांमधील माहिती तंत्रज्ञानाचे गव्हर्नन्स आणि व्यवस्थापन

आजचा घटक पुस्तकात वाचताना कोरडा वाटतो. ‘माहिती तंत्रज्ञानाचे गव्हर्नन्स’ म्हटलं की मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरतात. पण तुमच्यापैकी बरेच जण उद्या एखाद्या नागरी बँकेत, पतसंस्थेत, दूध संघात नाहीतर साखर कारखान्याच्या ऑफिसात कामाला लागणार आहात. तिथे हा विषय रोज समोर येतो, फक्त त्याला हे नाव कुणी देत नाही. म्हणून आपण परदेशी कंपन्यांची उदाहरणं बाजूला ठेवू आणि आपल्याच भागातली घेऊ.

आधी शब्दाचं बघू. गव्हर्नन्सला मराठीत काही पुस्तकं ‘शासन’ म्हणतात. मला तो शब्द इथे पटत नाही, कारण शासन म्हटलं की डोळ्यांसमोर मंत्रालय आणि तहसील कचेरी येते. आपण सरळ ‘गव्हर्नन्स’च म्हणू. आणि व्यवस्थापन म्हणजे मॅनेजमेंट, त्यात काही अडचण नाही.

या दोन्हींत फरक काय? सहकार जाणणाऱ्या कोल्हापूरकराला हा फरक जगात सर्वांत लवकर कळायला हवा. सहकारी संस्थेत सभासद संचालक मंडळ निवडतात. मंडळ धोरण ठरवतं, पैशाला मंजुरी देतं, कामावर नजर ठेवतं आणि वार्षिक सभेत सभासदांना उत्तर देतं. कार्यकारी संचालक किंवा मॅनेजर आणि त्यांच्या हाताखालचे खातेप्रमुख रोजचं काम चालवतात. मंडळाचं काम ते गव्हर्नन्स, एमडी साहेबांचं आणि स्टाफचं काम ते व्यवस्थापन. एवढंच. आता हेच संगणक, सॉफ्टवेअर, नेटवर्क आणि त्यातल्या माहितीला लावा.

गंमत अशी की बाकी सगळ्या बाबतीत आपले सभासद जागरूक असतात. दुधाचा दर, उसाचा दर, लाभांश, नोकरभरती, यावर वार्षिक सभेत माईकसाठी ओढाओढी होते. गोकुळच्या निवडणुकीत तर अख्खा जिल्हा ढवळून निघतो. पण ‘संस्थेचा सगळा डेटा कुठे आहे, त्याची दुसरी प्रत कुठे आहे आणि सॉफ्टवेअरवाला उद्या बंद पडला तर काय?’ हा प्रश्न सभेत कधी ऐकलाय? सहसा नाही. तो ‘संगणक विभागाचा विषय’ म्हणून सोडून दिला जातो. खरी अडचण तिथेच आहे.

परीक्षेपुरता सिद्धांताचा भाग थोडक्यात सांगतो. २००५ साली ऑस्ट्रेलियाने या विषयावर एक राष्ट्रीय मानक काढलं. त्यावरून २००८ मध्ये आयएसओ/आयईसी ३८५०० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात संचालक मंडळाला तीन कामं दिली आहेत : मूल्यमापन करणे, दिशा देणे आणि देखरेख ठेवणे. दुसरी चौकट ‘कोबिट’. ती आयसाका ही संस्था काढते, पहिली आवृत्ती १९९६ची. २०१२ च्या पाचव्या आवृत्तीत गव्हर्नन्स आणि व्यवस्थापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट मांडलं गेलं. पीटर वाइल आणि जीन रॉस या दोन अभ्यासकांनी २००४ च्या त्यांच्या पुस्तकात मात्र मुद्दा सर्वांत सोपा केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा : तंत्रज्ञानाबद्दल कोणते निर्णय घ्यायचे, ते घेण्याचा अधिकार कुणाचा आणि त्यांचा जाब कुणी द्यायचा, हे आधीच ठरलेलं असणं म्हणजे गव्हर्नन्स. कुठला संगणक घ्यायचा हा त्यातला फार छोटा प्रश्न. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढची दोन्ही उदाहरणं तिच्यावरच तपासायची आहेत.

वारणेचं उदाहरण : घेतलेलं तंत्रज्ञान कामाला आलं का?

पन्हाळा तालुक्यातलं वारणानगर तुम्हाला माहीत आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना, त्याभोवती दूध संघ, बँक, बझार, शिक्षणसंस्था. १९९८ मध्ये केंद्र सरकारने इथे एक प्रकल्प सुरू केला. त्याचं नाव ‘वायर्ड व्हिलेज’, म्हणजे तारांनी जोडलेली गावं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणेच्या परिसरातली सुमारे ७० गावं संगणकाने जोडायची होती. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. खर्चाची वाटणी अशी : केंद्र ५० टक्के, राज्य ४० टक्के आणि वारणा समूह १० टक्के. त्या काळात कोल्हापूर शहरातही घरोघरी संगणक नव्हते, हे ध्यानात घ्या. देशभरात या प्रकल्पाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं.

उद्देश मोठे होते. शेतकऱ्याला गावातच बाजारभाव कळावेत, पिकांची माहिती मिळावी, इंटरनेट यावं, सरकारी कामं गावात व्हावीत. प्रत्यक्षात काय झालं? संगणक सर्वांत जास्त वापरले गेले ते उसाच्या कामासाठी. उसाची नोंद, तोडीची परवानगी, किती टन ऊस गेला, खत किती उचललं, बिल किती झालं. पूर्वी यासाठी शेतकऱ्याला कारखान्यावर खेटे घालावे लागायचे, ते गावातच होऊ लागलं. हा फायदा लहान समजू नका. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वाचणं ही शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी कमाई असते. शिवाय वजनाचा आकडा गावात, सगळ्यांसमोर, छापील मिळू लागला की काट्याबद्दलची कुजबुजही कमी होते. पण बाजारभाव आणि इंटरनेट ही स्वप्नं बऱ्याच अंशी कागदावर राहिली.

काही वर्षांत संगणक जुने झाले. दुरुस्ती, विजेचं येणं-जाणं, जोडणीचा खर्च, सगळं वाढत गेलं. २००६-०७ च्या सुमारास बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी तिथे अभ्यास केला. त्यांनी आधी लोक संगणकावर नेमकं काय करतात हे बघितलं. उत्तर आलं : थोड्या आकड्यांची देवाणघेवाण. एवढ्यासाठी अख्खा संगणक कशाला? मग सात गावांत संगणकाच्या जागी साधे मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिले. शेतकऱ्याचा कोड टाकून मेसेज पाठवायचा, कारखान्याच्या सर्व्हरला जोडलेल्या फोनवरून आकडे परत यायचे. काम झालं, तेही कितीतरी स्वस्तात. या प्रयोगाला नाव दिलं ‘वारणा अनवायर्ड’, तारा काढलेली वारणा.

आता हे गव्हर्नन्सच्या चष्म्यातून बघू. पहिला प्रकल्प फसला असं म्हणणं मला मान्य नाही. उसाच्या माहितीची सोय झाली, ती खरीच होती. धडा दुसरीकडे आहे. उद्देश लिहिणारे एक, पैसे देणारे तीन, तंत्रज्ञान आणणारे चौथे आणि वापरणारा शेतकरी पाचवा. अशा वेळी ‘यातल्या कुठल्या उद्देशासाठी आपण दरवर्षी खर्च करत राहणार आहोत आणि तो साध्य होतोय का?’ हे ठरावीक काळाने विचारायचं काम एका नेमक्या जागेकडे लागतं. आयएसओच्या भाषेत ते मूल्यमापन. संशोधकांनी जी साधी गोष्ट केली, म्हणजे वापर मोजला आणि मग साधन निवडलं, ती खरं तर प्रत्येक संस्थेच्या मंडळाने दर दोन-तीन वर्षांनी करायची असते. किती सॉफ्टवेअर घेतली, त्यातली किती उघडली जातात? किती अहवाल छापले जातात आणि वाचतो कोण? हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. उलट कधी कधी नसलेलंच बरं, कारण इंजिनिअरला नव्या यंत्राचा मोह जास्त.

कॉसमॉसचं उदाहरण : धोका कुणाच्या खात्यावर?

वारणेचं उदाहरण फायद्याच्या बाजूचं होतं. आता धोक्याची बाजू बघू. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, देशातल्या जुन्या आणि मोठ्या नागरी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. तारीख नीट बघा, तो महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँका बंद. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले. भारतात रुपे कार्डांवर साधारण २८०० व्यवहारांत अडीच कोटी निघाले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यावर गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

आणि या गोष्टीत आपलं कोल्हापूर आहे. भारतात निघालेल्या रकमेपैकी सुमारे ८९ लाख रुपये कोल्हापुरातल्या वेगवेगळ्या एटीएममधून निघाल्याचं तपासात पुढे आलं. बनावट कार्डं घेऊन माणसं मशिनपुढे उभी राहिली आणि आपण रोज जिथून पैसे काढतो तशाच ठिकाणांहून नोटा घेऊन गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

हे घडलं कसं, ते समजून घ्या. तुम्ही कार्ड मशिनमध्ये घालता, तेव्हा विनंती कार्डाच्या नेटवर्कमधून तुमच्या बँकेच्या ‘स्विच’कडे जाते. स्विच म्हणजे दारावरचा निरोप्या समजा. तो आत जाऊन कोअर बँकिंगला विचारतो, ‘या खात्यावर शिल्लक आहे का?’ आतून ‘आहे’ आलं की निरोप्या बाहेर ‘द्या’ म्हणतो. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून दारावर आपला खोटा निरोप्या उभा केला. तो आत विचारायला जातच नव्हता. कुठूनही विनंती आली की सरळ ‘द्या’. कोअर बँकिंगला पत्ताच नाही. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही कमी झाला नाही, पैसा गेला तो बँकेचा. बँक सहकारी, म्हणजे शेवटी सभासदांचाच.

वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच म्हणतात, ‘सर, अँटीव्हायरस चांगला नसणार.’ इथे थांबा. आपला विषय सायबर सुरक्षा नाही, गव्हर्नन्स आहे. आपले प्रश्न वेगळे. सुट्टीच्या दिवशी अचानक हजारो व्यवहार परदेशातून आले तर संस्थेत कुणाचा फोन वाजतो? त्या माणसाला सगळी कार्डं बंद करण्याचा अधिकार आहे का, की त्याने आधी साहेबांना, साहेबांनी चेअरमनना विचारायचं? एका दिवसात परदेशातून जास्तीत जास्त किती रक्कम निघू द्यायची, ही मर्यादा ठरली कुणी? स्विचने ‘द्या’ म्हटलेले व्यवहार आणि कोअर बँकिंगने मान्य केलेले व्यवहार यांचा मेळ किती वेळाने घातला जातो, दिवसाने की मिनिटांनी? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मशिन देत नाही. ते ठरावाच्या वहीत असावं लागतं. जुन्या पद्धतीच्या बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असायच्या, आजही असतात. तो नियम काही लोहाराने केलेला नव्हता.

सुट्टी गाठण्याची ही पद्धत नवी नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून स्विफ्टमार्गे ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेही आठवड्याची सुट्टी साधूनच. जून २०१६ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. नागरी सहकारी बँकांसाठीचं मूलभूत परिपत्रक आलं १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. त्यातली पहिली महत्त्वाची अट बघा : सायबर सुरक्षेचं धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेलं हवं आणि ते आयटी धोरणापेक्षा वेगळं हवं. म्हणजे रिझर्व्ह बँकेने सुरुवात फायरवॉलपासून नाही, मंडळापासून केली.

पुढे ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी बँकांचे चार स्तर केले. स्तर बँकेच्या ठेवींवर नाहीत, तर ती कोणत्या यंत्रणा चालवते यावर आहेत. इंटरनेट किंवा मोबाईल बँकिंग देते का, स्वतःचा एटीएम स्विच आहे का, स्विफ्टची जोडणी आहे का. जशी जोडणी वाढेल तसे नियम कडक. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. चार शाखांच्या छोट्या बँकेवर मोठ्या बँकेचा बोजा टाकायचा नाही, पण स्वतःचा स्विच हौसेने घेतला तर त्याची जबाबदारीही घ्यायची. नवी सेवा सुरू करताना मंडळाने ‘ग्राहक खूश होतील’ एवढंच बघून चालत नाही, ‘आपण कोणत्या स्तरात जातोय’ हेही बघावं लागतं.

पण एक मोठी फट राहते. पतसंस्था. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि त्या बँका नाहीत. त्यांच्यावर सहकार खात्याचं, म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं नियंत्रण आहे, रिझर्व्ह बँकेची ही परिपत्रकं त्यांना लागू नाहीत. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हणजे जिथे बाहेरून विचारणारा कमी आणि ठेवीदाराचं संरक्षणही कमी, तिथे संचालकांनी स्वतःहून जास्त विचारायला हवं. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी ‘आमचं सगळं तो पोरगा बघतो’ एवढ्यावर काम चालतं. तो पोरगा हुशार असतो, प्रामाणिकही असतो. पण सगळे पासवर्ड त्याच्याकडे, बॅकअप त्याच्याकडे, नोंद करणारा तोच आणि पास करणाराही तोच. तो आजारी पडला तर संस्था अडली आणि त्याच्यावर कुणी बोट दाखवलं तर स्वतःचा बचाव करायला त्याच्याकडेही काही पुरावा नाही. कामाची विभागणी ही त्या पोराच्याही हिताची गोष्ट आहे, हे त्याला समजावून सांगायला हवं.

बाहेरच्या कंपनीवर काम सोपवलं की जबाबदारी संपली, असाही एक समज असतो. ३१ जुलै २०२४ ला काय झालं ते आठवा. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ही कंपनी देशभरच्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवते. खबरदारी म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिची जोडणी तोडली आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाईन व्यवहार बंद पडले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत मिळाली. त्या बँकांवर हल्ला झालेला नव्हता, पण काउंटरवर ग्राहक उभा राहिला तो त्यांच्याच. काम बाहेर देता येतं, जाब देणं बाहेर देता येत नाही. म्हणून करार करताना विचारायचं : डेटा कुणाच्या मालकीचा, करार संपल्यावर तो कोणत्या स्वरूपात परत मिळणार, यंत्रणा बंद पडली तर किती तासांत सुरू करून देणार, आणि त्यांच्याकडे काही गडबड झाली तर आपल्याला कधी कळवणार. हा शेवटचा मुद्दा आता कायद्याशीही जोडलेला आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. कंपनीने तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तुमचे सहा तास कधीच गेले.

शेवटी खास आपल्या शहराची एक बाब. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पूर. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतात. ज्या संस्थेचा सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, तिने बॅकअप घेतला असं म्हणता येणार नाही. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी, पुराच्या रेषेबाहेर, शक्यतो दुसऱ्या शहरात. आणि तिच्यावरून काम खरंच सुरू होतं का, हे वर्षातून एकदा तरी करून बघायला हवं. डिस्क वर नेऊन ठेवणं हे व्यवस्थापन. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की कुणी, कुणाला न विचारता, काम दुसऱ्या ठिकाणाहून सुरू करायचं हे मे महिन्यातच ठराव करून ठेवणं हे गव्हर्नन्स.

स्वाध्याय : तुमच्या घरातलं कुणी ज्या सहकारी संस्थेचे सभासद असतील, तिचा मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल मिळवा. त्यात संगणक आणि सॉफ्टवेअरवर किती खर्च दाखवला आहे ते शोधा आणि त्या खर्चाचा उद्देश कुठे लिहिला आहे का ते पाहा. मग वार्षिक सभेत लेखी विचारता येतील असे तीन प्रश्न तयार करा. प्रश्न तांत्रिक नकोत. संचालकांना उत्तर देता येईल असे हवेत. पुढच्या तासाला वारणेच्या उदाहरणावर ‘मूल्यमापन, दिशा, देखरेख’ ही तीन कामं लावून दाखवायची आहेत, तेवढं वाचून या.